राख सांगायची राहिली

“‘मला नाय माहीत’ असं ज्याला लिवता येतं, त्याला मी ग्रूपमधून कधीच काढणार नाय.”

सोमी खोडका हे वाक्य शेणव्याच्या तिच्या दुकानात बोलली होती. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक झेरॉक्स मशीन, एक जुना कॉम्प्युटर आणि दारावर हातानं रंगवलेली पाटी : सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. मी तिला जाब विचारायला गेलो होतो. तिनं मला ग्रूपवर पंधरा दिवस गप्प बसवलं होतं, कारण कुणाच्या तरी फोटोखाली मी ठामपणे ‘भारंगी’ असं लिहिलं होतं आणि ती भारंगी नव्हती. भारंगी मी आयुष्यात एकदाच खाल्ली होती, तीही शिजलेली. तिनं मला चहा पाजला. शिक्षा एका दिवसानंही कमी केली नाही.

ग्रूपचं नाव ‘रानातलं ताटात’. रानभाज्या, कंद, फळं ओळखण्याची हौस असणाऱ्या माणसांचा फेसबुकवरचा ग्रूप. तो काढला दीपेश हरड यांनी. ते मूळचे मुरबाडचे, नोकरीनिमित्त कल्याणला स्थायिक, शनिवार-रविवार डोंगरात. सुरुवातीला सगळे त्यांचेच मित्र होते. पुढे डोंबिवली, पुणे, नाशिक असं करत सभासद चौदा हजारांवर गेले. चौदा हजारांत रानभाजी रोजच्या जेवणात खाणारी माणसं शंभरसुद्धा नसतील. बाकीच्यांना ती सुट्टीच्या दिवशी भेटायची.

सोमीचा जन्म शेणव्याच्या पलीकडच्या भेंडमाळ या ठाकरांच्या वाडीतला. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली, वाडीतली तेवढी शिकलेली पहिली बाई. लग्न वाडीतच झालं. नवरा गवंड्यांच्या हाताखाली कामाला वाशिंद, आसनगावकडे जायचा. घरात सासू, बाईजा. ग्रूपवर सोमी आली ती दुकानात गिऱ्हाईक नसतानाचा वेळ घालवायला. वर्षभर ती काही बोलली नाही. मग एका जूनमध्ये कुणीतरी जमिनीतून वर आलेल्या कोंबांचा फोटो टाकला आणि खाली तीस जणांनी लिहिलं, ‘शेवळं! नशीबवान आहात!’ एकतिसावी सोमी होती. तिनं लिहिलं, ‘हे शेवळं नाय. हा सापकांदा. खाऊ नका.’ तिसांपैकी चार जण तिच्याशी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी फुलाचा फणा उघडला, फोटो आला, आणि चौघे गप्प झाले. एकानंही ‘चुकलो’ म्हणून लिहिलं नाही. दीपेश सरांनी त्याच आठवड्यात तिला अ‍ॅडमिन केलं.

त्यानंतर सात वर्षं कुठलीही पोस्ट तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय ग्रूपवर आली नाही.

तिचे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण मी ते सगळे मोडले आहेत. पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी हवा. बुंध्याचा हवा. झाडाशेजारी स्वतःचा हात ठेवून एक हवा, म्हणजे आकार कळतो. ‘खाता येतं का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचा हक्क फक्त ज्याच्या घरी ती भाजी शिजते त्याला. अळंबीचा फोटो आला की सरळ बाद, माणूस कितीही मोठा असो. आणि नेमकी जागा लिहायची नाही, कारण पहिल्याच पावसाळ्यात तिनं पाहिलं होतं की एका पोस्टनंतर रविवारी सहा गाड्या आल्या आणि धसईच्या वरच्या अंगाची शेवळं मुळासकट गेली. त्या शेवळांवर तीन बायकांचा बाजार चालायचा.

या कामाचा पुरावा राहत नाही. आल्या दिवशी परत पाठवलेली अळंबी कुणाच्या कढईत गेली असती, गेली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच कळत नाही. जे झालं नाही त्याबद्दल कुणी आभार मानत नाही. लोकांना दिसायचा तो उशीर. सकाळी टाकलेला फोटो दुपारी तीनला ग्रूपवर यायचा, कारण शेणव्यात वीज दुपारी यायची किंवा दुकानात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची रांग असायची. मग खाली लिहून यायचं, ‘अ‍ॅडमिनबाई झोपल्या होत्या का?’ एकानं लिहिलं, ‘इथेही आरक्षण आहे वाटतं.’ ती ओळ सोमीनं काढून टाकली, माणसाला ठेवलं.

“त्याला का ठेवलंस?” मी विचारलं होतं.

“त्याला घोळीची नि चिवळीची भाजी बरोब्बर वळखता येते,” ती म्हणाली. “तोंड घाण हाय, डोळे चांगले हायत.”

हे सगळं मी आता लिहितो आहे. तेव्हा त्या आरक्षणाच्या ओळीखाली मी काही लिहिलं नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात ग्रूपवर कडूकंदाबद्दल विचारणा व्हायला लागली. हा रानातला कंद, नावाप्रमाणेच कडू आणि कच्चा खाल्ला तर अंगावर उठणारा. आजवर सोमीनं त्याच्या पाककृती येऊ दिल्या नव्हत्या. शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या असायच्या, म्हणून. शेवटी तिला वाटलं, सांगायचंच तर जिनं पन्नास वर्षं शिजवलाय तिनं सांगावं. तिनं बाईजाला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः फोन धरला. दीड मिनिटाचा व्हिडिओ. म्हातारी आधी लाजली, मग रंगात आली. टोपलीतल्या चकत्या मडक्यात टाकल्या, मीठ टाकलं, पाणी ओतलं, वर पान झाकलं. “उकडाचा नि खावाचा. नुसता खा, मासलीसंगती खा. मना दात नाय तरी खाते,” असं म्हणून ती हसली. त्या हसण्यावर व्हिडिओ संपतो. सोमीनं तो स्वतःच तपासला, स्वतःच मंजूर केला. दोन दिवसांत तो सहाशे लोकांनी पुढे पाठवला.

भेंडमाळात कडूकंद घरी येतो तेव्हा त्याचं निम्मं काम झालेलं असतं. खणणारी माणसं रानातच ओहळाच्या काठी तीन दगड मांडतात, कंदाच्या पातळ चकत्या करतात, राखेत घोळतात, उकडतात, आणि मग टोपलीत भरून वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात. रात्रभर पाणी त्यातला कडूपणा ओढून नेतं. सकाळी ती टोपली घरात येते, आणि बायकांचं काम तिथून सुरू होतं. ओहळावरच्या कामाला वाडीत कुणी स्वयंपाक म्हणत नाही. भात कसा करायचा हे सांगताना आपण झोडणीपासून सुरुवात करतो का? बाईजानं जिथून तिचं काम सुरू होतं तिथून सांगितलं. समोर फोन धरून बसलेली सोमी त्याच वाडीची. तिलाही काही राहिलं असं वाटलं नाही. बाहेरच्या माणसाच्या व्हिडिओत राख नसती तर तिनं तो त्याच क्षणी परत पाठवला असता.

बदलापूरच्या अमोल तारमळेनं धसईच्या बाजारातून कच्चा कडूकंद घेतला. व्हिडिओ बघत चकत्या केल्या, मीठ टाकून उकडला. तो आणि त्याची बायको रुपा रविवारी जेवायला बसले. कडू लागला, पण नावातच कडू आहे म्हणून त्यांनी रेटून खाल्ला. संध्याकाळपर्यंत दोघांना उलट्या सुरू झाल्या, घशाची आग झाली. तीन दिवस दोघेही दवाखान्यात होते. अमोलनं घरी आल्यावर ग्रूपवर पोस्ट पाठवली. रागाचा शब्द नव्हता. ‘व्हिडिओत दाखवलं तसंच केलं होतं. आमचं काय चुकलं ते कृपया सांगावं.’

सोमीनं ती मंजुरीच्या यादीत वाचली, पहिल्या झटक्यात मंजूर केली, दुकानाला कुलूप लावलं आणि चालत घरी गेली. पुढचं तिनं मला सांगितलं तसं देतो.

बाईजा अंगणात वाल निवडत होती.

“आत्या, राख कुठं गेली?”

“कोनची राख गो?”

“कांदाची. व्हिडिओमधी राख नाय. ओहळ नाय. काईच बोलली नाय तू.”

“त्या काय सांगाचा? सगल्यांना ठावं हाय.”

“त्यांना नाय ठावं.”

“ठावं नाय त खातात कशाला?” म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “आनी तू व्हतीस ना समोर? फोन धरून तूच बसलीस. तू का नाय इचारलास?”

सोमी रडायला लागली. म्हातारीनं विचारलं, “माणसां मेली का?”

“नाय.”

“मंग रडतस कशाला? जा, राख सांग त्यांना.”

तिनं त्याच दुपारी लिहिलं. ‘व्हिडिओत राखेची आणि वाहत्या पाण्याची पायरी राहिली. बाईजाबाईंची चूक नाही. त्या त्यांच्या घरच्यासारखं बोलल्या. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. ज्यांनी व्हिडिओ पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवा.’ खाली पूर्ण पद्धत, पायरी पायरीनं. व्हिडिओ काढून टाकला आणि ही पोस्ट ग्रूपच्या माथ्यावर पिन केली. ग्रूप उघडला की सगळ्यात आधी तीच दिसायची. तिचं गणित सरळ होतं : व्हिडिओ सहाशे जणांकडून कुठे कुठे गेला ते आता कळणार नाही, पण कुणाला शंका आली तर तो मूळ ग्रूप शोधत येईल, आणि आल्यावर त्याला हे दिसलं पाहिजे. व्हिडिओ फिरतोय तोवर ती पोस्ट तिथून हलता कामा नये.

मग तिनं अमोलला फोन केला. माफी मागितली. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसाचं बोलणं जास्त लागतं.

“ताई, दुसऱ्या कुठल्या ग्रूपवर असतं ना, तर मी दहा जणांना विचारलं असतं. तुमच्या ग्रूपवर होतं म्हणून विचारलं नाही.”

सात वर्षांच्या कामाची ही एवढी एकच पोच तिला मिळाली.

दीपेश सरांचा फोन आठवड्यानं आला. मुरबाडला जानेवारीत कंदमुळांचा महोत्सव भरवायचं ठरलं होतं. हॉल घेतलेला, पाहुणे ठरलेले, निमंत्रणावर ग्रूपचं नाव आणि पत्ता छापलेला.

“सोमी, ती पोस्ट खाली घे बाई आता. पाहुणे ग्रूप उघडणार आणि पहिलंच काय, तर उलट्या.”

“सर, व्हिडिओ अजून फिरतोय.”

“फिरू दे. किती दिवस फिरेल?”

“आपल्याला काय माहीत?”

“बरं, ठेवायचीच तर बाईजाच्या नावावर ठेव. म्हातारी बाई आहे, विसरली म्हणून सांग. लोक समजून घेतात. तू अ‍ॅडमिन, तू चुकलीस म्हटल्यावर ग्रूपवर विश्वास कोण ठेवणार?”

“ती नाय विसरली. मी विसरली.”

“अगं, कागदावर लिहायचंय फक्त!”

“मी दिवसभर लोकांचे कागदच भरते, सर,” सोमी म्हणाली. “खोटा भरला की कोणाचं काय जातं ते मला माहीत हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट खाली गेलेली होती. तिनं ती पुन्हा वर डकवली. दुपारी पुन्हा खाली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिनं ग्रूप उघडला तर पिन करण्याची सोयच दिसेना. ती आता चौदा हजारांपैकी एक होती. वर नवी सूचना होती : ‘सभासदांच्या आग्रहास्तव आजपासून ग्रूप मोकळा करत आहोत. आता पोस्टला मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.’ खाली टाळ्यांच्या खुणा. कुणीतरी लिहिलं, ‘हुश्श, सुटलो.’ त्याच संध्याकाळी ग्रूपवर पहिली अळंबी आली आणि अकरा जणांनी तिला खाण्यायोग्य ठरवलं. आठवड्याभरात बाईजाचा व्हिडिओही परत आला. आता त्याला बासरी लावलेली होती.

सोमीनं त्याखाली राखेची पद्धत लिहिली. ती टिप्पणी चाळीस टिप्पण्यांच्या खाली गेली. तिनं पुन्हा लिहिली. कुणीतरी उत्तर दिलं, ‘ताई, किती वेळा तेच तेच?’

मग महोत्सवाचं निमंत्रण आलं. सोमीचा सत्कार होता, ‘सात वर्षांच्या निरपेक्ष सेवेबद्दल’. दुकानात तिनं ते मला दाखवलं.

“जाणार?” मी विचारलं.

“जाणार. माइक देतील ना हातात?”

“सर म्हणालेत, तो विषय नको.”

“माझ्यासंग पण तेच बोलले,” ती म्हणाली. “नुसती राख सांगणार. दोन मिन्टांचं काम.”

मुरबाडचा तो हॉल लग्नाचा होता. नवरा-नवरीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि मंचामागे कंदांचं मोठं चित्र. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. एका बाजूला लांब टेबल, त्यावर शिजवलेल्या कंदांची पातेली, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. कोनफळ, करांदे, सुरण. चव घेण्याचा कार्यक्रम सत्कारानंतर ठेवला होता. पानांचे द्रोण रचून तयार होते.

सोमी निळं नऊवारी नेसून आली होती, केसात आबोली. ती टेबलाच्या कडेनं चालत गेली आणि शेवटच्या पातेल्यापाशी थांबली. चिठ्ठीवर होतं : ‘कडूकंद – पारंपरिक पद्धत’. मी तिच्याकडे जायला उठलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

पातेल्यामागे हर्षाली नावाची कॉलेजातली मुलगी उभी होती, गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र. सोमीनं वाकून पातेल्यात पाहिलं.

“राख लावलेली का गो?”

“राख?” हर्षाली हसली. “नाही ताई, एकदम ऑरगॅनिक आहे.”

“धुतलाय कशात?”

“फिल्टरच्या पाण्यात.”

“आनी कोणी शिकवलं?”

“व्हिडिओ आहे ना आपल्या ग्रूपवर, त्या आजींचा. किती गोड आहेत! त्या तुमच्या कोण?”

सोमीनं एक चकती उचलली. पिवळसर, स्वच्छ. राखेतून आलेल्या कंदाला एक मळकट रंग असतो, तो तिला नव्हता. तिनं ती जिभेला लावली आणि पदरात थुंकली. हर्षालीचा चेहरा पडला. तिला वाटलं असावं, चव आवडली नाही.

तेवढ्यात माइकवरून नाव पुकारलं गेलं. “आपल्या ग्रूपच्या माजी अ‍ॅडमिन, सोमीताई खोडका यांना विनंती, त्यांनी मंचावर यावं. टाळ्या झाल्या पाहिजेत!” टाळ्या झाल्या. दीपेश सर शाल उलगडून हातात धरून उभे होते. त्यांच्या शेजारी कुणीतरी नारळ घेऊन.

सोमीनं मंचाकडे पाहिलं. मधे माणसांच्या दहा रांगा होत्या, पुढे पाहुणे, त्यांची भाषणं, मग कुठे तिच्या हातात माइक. तिच्या मागे पातेलं, आणि पातेल्यापुढे आत्तापासून घुटमळणारे दोघे-तिघे, हातात द्रोण घेतलेले. तिनं पदराचं टोक हातांभोवती गुंडाळलं, पातेलं दोन्ही कानांना धरून उचललं आणि छातीशी घेतलं.

“अहो ताई!” हर्षाली ओरडली. “ते चवीसाठी आहे, सगळ्यांना आहे!”

कुणीतरी हसलं. मागच्या रांगेतून आवाज आला, “घरी न्यायचंय वाटतं.” दीपेश सर माइकपाशी आले, घसा साफ केला आणि म्हणाले, “सोमीताई आपल्यावर जरा रागावलेल्या दिसतात. हरकत नाही, घरचंच माणूस आहे.” पुन्हा हशा झाला. शाल त्यांच्या हातात तशीच उलगडलेली होती.

मला बोलता आलं असतं. ते पातेलं ती का नेते आहे हे त्या हॉलमध्ये तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. मी उभा होतो, आणि पुकारा झाला म्हणून सगळ्यांसारखा टाळ्या वाजवत होतो.

खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती माझ्या अगदी जवळून गेली. पातेल्यातलं पाणी डचमळून तिच्या निळ्या लुगड्यावर सांडत होतं. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं तिला अडवावं की वाट द्यावी हे न कळून अंग चोरलं. ती मान वळवून कुणाकडे पाहिल्याशिवाय दारातून बाहेर गेली.